तळ्याखालची चादर

“धूर कुठे आहे?” मोरिवाकीसाननी विचारलं.

मी तो प्रश्न मराठीत केला. कारखानीस साहेबांचा चेहरा उजळला. “तेच तर दाखवायचंय त्यांना! सांगा, धूर नाहीच. आमच्याकडे प्रदूषण शून्य.”

मी सांगितलं. मोरिवाकीसाननी “आ, सो देस का”, म्हणजे ‘असं होय’, म्हणत मान डोलावली, पुढे झाले आणि भट्टीच्या पत्र्यावर तळहात सपाट टेकवला. माझ्या तोंडून किंकाळी निघायचीच बाकी होती. ज्या भट्टीत धातू वितळतो तिला हात लावायचा नसतो, एवढं जपानी भाषेच्या पदवीधरालाही कळतं. पण त्यांनी हात काढला नाही.

“गार आहे,” ते म्हणाले. “बंद भट्टीतून धूर येत नाही. आमच्या देशातही असंच असतं.”

हेही मी मराठीत केलं. कारखानीस साहेब मोठ्याने हसले. “मेंटेनन्स हो! नेमका आजच मेंटेनन्स निघाला.” मग माझ्या जवळ सरकून, “मॅडम, प्रत्येक गोष्ट मला सांगायलाच हवी असं नाही.”

ही गोष्ट मी सव्वीस वर्षांची असतानाची. पुण्यात जपानी शिकलेल्या मुली तेव्हा मोटारींच्या कंपन्यांत बसून सुट्या भागांची माहितीपत्रकं मराठीत आणायच्या. मीही तेच करायचे. एजन्सीतून फोन आला, की कोकणात करवडे गावी एका जपानी पाहुण्याबरोबर जायचंय, तेव्हा ताजे मासे खायला मिळतील एवढाच विचार करून मी हो म्हटलं.

करवडे हे खाडीकाठचं गाव. तिथे ‘धरित्रीरत्न मेटल्स’ ही कंपनी दुर्मिळ मृदा धातू काढायची. मोबाइलच्या स्पीकरपासून विजेच्या मोटारीपर्यंत जी बारकी पण जबर ताकदीची लोहचुंबकं लागतात, ती या धातूंशिवाय होत नाहीत. कच्चा माल बाहेरून यायचा. तो आम्लात शिजवायचा, गाळायचा, धुवायचा आणि शेवटी भट्टीत घालून त्यातून धातू काढायचा. धातू निघाल्यावर मागे काय उरतं, ते मोरिवाकीसाननी मला येताना गाडीत समजावलं होतं; शब्द आधीच ठाऊक नसले तर दुभाषी ऐनवेळी अडखळतो. भट्टीतून नाकाडोळ्यांना झोंबणारा वायू निघतो, आम्लाचं पाणी तर वाहत्या नळासारखं निघतं, आणि सगळ्यात शेवटी उरतो तो गाळ. त्या गाळात थोडासा थोरियम असतो, म्हणजे तो गाळ किरणोत्सारी.

“धातू काढता कुणालाही येतो,” ते म्हणाले होते. “मी आयुष्यभर त्या उरलेल्याचं काय करायचं तेवढंच बघत आलो.”

ते चुंबकं बनवणाऱ्या एका कंपनीतले जुने इंजिनिअर. निवृत्तीला आलेले, ठेंगणे, कानांत केस असलेले. इथला धातू विकत घ्यायचा की नाही, ते त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. कारखानीस साहेब हे इथले प्रमुख. आपल्या आडनावाला पुरेपूर जागलेला माणूस! त्यांना कारखाना चौपट करायचा होता, आणि त्यासाठी गावाची जनसुनावणी लागणार होती. ती त्यांनी बरोबर त्याच दिवशी दुपारी ठेवून घेतली होती. गावाला जपानी दाखवायचा आणि जपान्याला गाव, असा बेत. गावभर लावलेल्या फलकांवर मोरिवाकीसानच्या नावाआधी ‘जगविख्यात’ असं छापलं होतं. त्यांनी मला त्याचा अर्थ विचारला. मी सांगितल्यावर ते बराच वेळ फलकाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “माझ्या बायकोला फोटो पाठवायला हवा.”

सकाळभर आम्हांला कारखाना दाखवण्यात आला. कामगारांच्या डोक्यांवर नवी कोरी हेल्मेटं होती. काहींची वरची पातळ पिशवीसुद्धा कुणी काढली नव्हती. वाटेच्या दोन्ही बाजूंनी हिरवीगार झाडं होती. एक झाड वाऱ्याने कलंडलं तेव्हा कळलं, की ते रोपवाटिकेच्या काळ्या पिशवीसकटच मातीत टेकवलेलं आहे. कारखानीस साहेबांनी ते स्वतःच्या बुटाने हलकेच सरळ केलं आणि बोलत राहिले.

“आता गाळाचं तळं बघू,” मोरिवाकीसान म्हणाले.

“तिकडे रस्ता खराब आहे,” कारखानीस साहेब म्हणाले. “पाहुण्यांना उगाच त्रास. आपण आत दाखवतो ना, एसीत.”

आत, त्यांच्या केबिनमध्ये, काचेच्या पेटीत आख्खा कारखाना थर्मोकोलमध्ये उभा होता. चिमण्या पांढऱ्या, खाडी निळी, आणि मधोमध गाळाचं तळं. तळ्याच्या तळाशी काळा चकचकीत कागद चिकटवलेला.

“ही खाली दोन थरांची जाड चादर. खास प्लास्टिकची,” कारखानीस साहेब बोट ठेवून सांगू लागले. “थेंबसुद्धा जमिनीत मुरत नाही. आम्लाचं पाणी आधी चुना घालून निवळायचं, मगच तळ्यात. आणि किरणोत्सारी गाळ वेगळा, काँक्रीटच्या हौदात, झाकण लावून. सगळं जपानी पद्धतीने.”

मोरिवाकीसान पेटीपुढे उकिडवे बसले. थर्मोकोलच्या तळ्याकडे त्यांनी खऱ्या तळ्याकडे पाहावं तितक्या लक्षपूर्वक पाहिलं. “काम फार सुबक आहे,” ते म्हणाले. “कुणी केलं?”

“आमच्या मुलीच्या शाळेतल्या सरांनी,” कारखानीस साहेब अभिमानाने म्हणाले.

जेवायला सुरवसे साहेब आले. दुपारच्या सुनावणीचे अध्यक्ष तेच. कोणत्या खात्याचे ते सांगत नाही. टेबलावर सुरमई होती, कोळंबी होती, सोलकढी होती. दुभाषी जेवणाच्या टेबलाशी बसतो, पण त्याला जेवता येत नाही. इतरांच्या तोंडात घास असतो तेव्हा त्याच्या तोंडात शब्द असतात. मी मोरिवाकीसानच्या उजव्या कानाशी झुकून बसले आणि टेबलावर जे जे बोललं जाईल ते हळू आवाजात सांगत राहिले. ते माझं कामच होतं.

पण एक गंमत झाली. ही बाब टेबलावरच्या कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. त्यांच्या लेखी मी एक नळी होते, जपानीतून मराठीत येणारी. ‘सांगा’ म्हटल्याशिवाय उलट्या दिशेनेही काही वाहतं, हे त्यांना सुचलं नाही. मराठीत बोललं की पाहुण्यापासून लपलं, अशी त्यांची पक्की समजूत.

“काय हो,” सुरवसे साहेबांनी कोळंबी सोलत विचारलं, “तळ्याखाली ती चादर घातली का? मला लिहावं लागतं.”

“घातलीच समजा. ऑर्डर दिलीय.”

“म्हणजे नाही घातली.”

“आजची सुनावणी उरकू द्या ना. परवानगी आली की मोठ्या तळ्याला एकदमच घालू. एकच काम दोनदा कशाला? तोवर माती चांगली चोपून घेतलीय.”

“आणि गाळाचा तो हौद?”

“तोही त्याच तळ्यात. म्हणजे सध्या. तात्पुरता.”

“आता पावसाळा येईल की.”

“पावसाळ्यात तर चिंताच नाही. तळं भरतं आणि आपलं आपण रिकामं होतं. खाडीत गेलं की समुद्रात गेलं. एवढ्या मोठ्या समुद्राला काय फरक पडतो?”

टेबल हसलं. सुरवसे साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला.

‘रिकामं होतं’ इथपर्यंत मी सगळं सांगितलं होतं. पुढच्या वाक्याला जीभ जड झाली. मला बोलावलं होतं ते याच कंपनीने. एजन्सीच्या बाईंनी निघताना बजावलं होतं, पार्टी खूश राहिली पाहिजे. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

“रानापिसेसान,” मोरिवाकीसान माशाचा काटा बाजूला काढत म्हणाले. माझं नाव चारुता रणपिसे. त्यांच्या जिभेला ते एवढंच जमायचं. “एक वाक्य राहिलं.”

“कोणतं?”

“ते मला कसं ठाऊक असणार? पण आता सगळे हसले, आणि मी हसलो नाही.”

मी वाक्य सांगितलं.

त्यांचा हात ताटावर थांबला. “खाडीत कोण असतं?” त्यांनी विचारलं.

सकाळी ओहोटीच्या वेळी आमची गाडी खाडीच्या कडेने आली होती. गुडघाभर चिखलात बायका वाकून खडकांवरची कालवं काढत होत्या. मी त्यांना त्याची आठवण करून दिली.

“काय कुजबुज चाललीय?” कारखानीस साहेबांनी हसत विचारलं. “मासा कसा झालाय म्हणतात?”

मी विचारलं. “उत्तम,” मोरिवाकीसान म्हणाले. “या खाडीतला का?”

“छे छे! खाडीतला कसा देऊ पाहुण्यांना?” कारखानीस साहेब भाबडेपणाने बोलून गेले. “खास रत्नागिरीहून मागवलाय.”

सुरवसे साहेबांनी एकदा आपल्या ताटाकडे पाहिलं आणि मग निश्चिंतपणे पुढची तुकडी घेतली. मीही निश्चिंतपणे हे सगळं जपानीत सांगितलं. का कोण जाणे, आता जीभ जड होत नव्हती.

सुनावणीचा मांडव कारखान्याच्या फाटकासमोरच घातला होता. आलेल्या प्रत्येकाला कंपनीकडून एक छत्री आणि खाऊचा पुडा. मंचामागे भला मोठा फलक: ‘दुर्मिळ मातीतून सोनेरी उद्या’. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने तो मोठ्याने वाचला आणि शेजाऱ्याला म्हणाला, “माती दुर्मिळ कधीपासून झाली रे? आमच्याकडं तर दुसरं कायच नाय.”

कारखानीस साहेबांनी भाषण केलं. ‘शून्य द्रव विसर्ग’, ‘शाश्वत समृद्धी’, ‘हरित पट्टा’. मी एकेक शब्द मोरिवाकीसानच्या कानात उतरवत होते आणि समोरची माणसं छत्र्या उघडून, मिटून पाहत होती. भाषणातला सगळ्यात जास्त कळलेला भाग म्हणजे चहा मागच्या बाजूला आहे.

मग सुरवसे साहेबांनी विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का. बायकांच्या घोळक्यातून एक जण उठली. सकाळी चिखलात दिसलेल्यांपैकीच. द्वारका वासावे, असं तिने नाव सांगितलं. चाळिशीची, सडपातळ, आवाज मात्र खाडीच्या पलीकडे हाक मारायला तयार झालेला.

“सायब, आमी कालवं काढतो. दोन वर्सं झाली, कालवांचं कवच नरम पडतंय. हातात घेतलं की भुगा. आणि ह्ये बघा.” तिने दोन्ही तळहात पुढे केले. कातडी सालपटासारखी निघाली होती, मध्ये लालभडक.

“बाई, आपला मुद्दा वैज्ञानिक भाषेत मांडावा,” सुरवसे साहेब म्हणाले.

“मंजी कसा?”

कारखानीस साहेब मदतीला धावले. “ताई, हे सगळं जागतिक तापमानवाढीमुळे होतं. जगभर चाललंय. कंपनी तुम्हांला हातमोजे देईल.”

“त्ये द्या. पन तुमच्या तळ्याच्या खाली काय घातलंय त्ये सांगा. आमच्या वाडीतले लोक म्हंतात, कायच नाय घातलेलं.”

मला वाटलं, आता साहेब गडबडणार. पण ते खुलले. याच प्रश्नाची जणू ते वाट पाहत होते.

“दोन थरांची चादर घातलीय ताई! जपानी. आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका. हे बघा, हे जगविख्यात शास्त्रज्ञ खास ती चादर बघायला इतक्या लांबून आलेत. त्यांनाच विचारू.” माईक मोरिवाकीसानच्या हातात देता देता ते मला खालच्या आवाजात म्हणाले, “चादर उत्तम आहे, एवढंच. बाकी तो काहीही बोलला तरी तू एवढंच सांग.”

हेही मी मोरिवाकीसानना सांगितलं. सवयच लागली होती.

ते उठले. आधी सुरवसे साहेबांना वाकून नमस्कार, मग कारखानीस साहेबांना, मग बायकांच्या बाजूला, जरा जास्त वाकून. एकेक वाक्य बोलून ते माझ्यासाठी थांबायचे. दुभाषी ‘ते म्हणतात’ असं म्हणत नाही, ‘मी’ म्हणतो. त्यामुळे करवड्याच्या लोकांनी त्या दिवशी एका पुणेरी पोरीला पुढचं भाषण करताना ऐकलं.

“मी आयुष्यभर भट्टीवर काम केलं. मी इथे चादर बघायला आलो. मी ती बघितली. थर्मोकोलमध्ये. काम फार सुंदर आहे.”

कारखानीस साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मागोमाग मांडवाने वाजवल्या.

“खऱ्या तळ्याखाली चादर नाही. तिची ऑर्डर दिली आहे. किरणोत्सारी गाळासाठी वेगळा हौद नाही. तोही त्याच तळ्यात आहे. पावसाळ्यात तळं खाडीत रिकामं होतं. ही माहिती मला कारखानीससाननी स्वतः जेवताना दिली. सुरवसेसान साक्षीला होते. इतक्या मोकळेपणाने माहिती देणारे यजमान मला क्वचितच भेटले. दोघांचे आभार.”

आणि त्यांनी पुन्हा दोघांना वाकून नमस्कार केला.

कारखानीस साहेबांच्या टाळ्यांचे हात तसेच हवेत राहिले होते. पहिल्यांदा भान आलं ते सुरवसे साहेबांना. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. त्यांना आता काही दिसायलाच नको होतं.

“ही खोटं बोलतेय!” कारखानीस साहेब माझ्याकडे बोट करून ओरडले. “हिला जपानी येत नाही! एजन्सीने भलतीच मुलगी पाठवली. ते चादर चांगली आहे म्हणाले, ही काहीतरी मनचं सांगतेय!”

दोनशे डोळे माझ्याकडे वळले. खरंच, या मांडवात दुसऱ्या कुणाला जपानी येत होतं? मी खरं सांगतेय हे मी कुणाला, कोणत्या भाषेत पटवणार होते?

कारखानीस साहेबांनी माईक ओढून घेतला आणि मोरिवाकीसानपुढे धरून, लहान मुलाला शिकवावं तसं इंग्रजीत विचारलं, “सर. शीट गुड? येस? गुड शीट?”

मोरिवाकीसानना इंग्रजी येत नव्हतं. निदान मला तोवर तसंच वाटत होतं. त्यांनी माईककडे तोंड नेलं आणि स्पष्ट शब्दांत म्हणाले,

“नो शीट.”

याला दुभाषी लागला नाही. म्हाताऱ्याने शेजाऱ्याला सांगितलं, “नाय म्हंतोय.” हशा पिकला, मग एकदम गलका. द्वारकाबाईने पदर खोचला. “चला गो, बघूनच येऊ.”

“तिकडचा रस्ता खराब आहे!” कारखानीस साहेब म्हणाले.

“आमचाच हाय त्यो,” ती म्हणाली.

“स्थळभेट हा सुनावणीचा भाग नाही,” सुरवसे साहेबांनी चष्मा लावत बजावलं. पण लोक उठले होते. बायका पुढे, छत्र्यांवाले मागे, मध्ये मोरिवाकीसान आणि मी. फाटकावरचा सुरक्षारक्षक गावातलाच होता. त्याची आई घोळक्यात दिसताच त्याने फाटक उघडलं.

तळं मोठं होतं. पिवळट, राखाडी, वर साय धरल्यासारखं. काठावर पोचण्याआधीच डोळे चुरचुरू लागले. चादर नव्हती. चोपलेली म्हणतात ती माती होती, आणि खाडीकडच्या बांधाला खेकड्यांनी जागोजाग भोकं पाडली होती. त्या भोकांतून बारीक धार सुटलेली. ती खाली उतरत उतरत खडकांपर्यंत गेली होती. वाटेत गवत नव्हतं.

मोरिवाकीसाननी खिशातून आम्ल तपासायच्या कागदाच्या बारीक पट्ट्या काढल्या. एक धारेत बुडवली. ती लालबुंद झाली. दुसरी खाली खडकापाशी बुडवली. तीही लाल. ती त्यांनी द्वारकाबाईच्या हातात दिली. तिने पट्टी पाहिली, स्वतःचे तळहात पाहिले. मघाच्या त्या आवाजाच्या बाईला असं गप्प झालेलं मला बघवेना.

“यांना काय सांगू?” मी मोरिवाकीसानना विचारलं. “त्या वाट बघतायत.”

ते खडकाकडे बघत होते. “त्यांना सांगा, मी लहान होतो तेव्हा आमच्याही किनाऱ्यावर एक कारखाना होता. समुद्राला काय फरक पडतो, असं आमचे मोठे लोकही हसून म्हणायचे. माझी मोठी बहीण शिंपले गोळा करायची.”

मी थांबले. पुढचं वाक्य येईल असं वाटलं. आलं नाही. मी होतं तेवढं मराठीत सांगितलं. द्वारकाबाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचं काही विचारलं नाही.

आम्ही परतलो तेव्हा मांडव रिकामा होता. खुर्च्या होत्या, पंखे फिरत होते, आणि सुरवसे साहेब कागद आवरत होते. सुनावणी संपली होती.

ती कशी संपली ते मला पुढे कळलं, अधिकृत इतिवृत्त आल्यावर. त्यात लिहिलं होतं, की कंपनीच्या सादरीकरणानंतर विदेशी तज्ज्ञांनी प्रकल्पाच्या कामाची ‘फार सुंदर’ अशा शब्दांत प्रशंसा केली. त्यानंतर अध्यक्षांनी उपस्थितांना आणखी काही म्हणावयाचे आहे काय, असे तीन वेळा विचारले. कोणीही काहीही म्हटले नाही. यात खोटं एक अक्षर नव्हतं. आम्ही सगळे तळ्यावर असताना सुरवसे साहेबांनी खरोखरच रिकाम्या खुर्च्यांना तीनदा विचारलं होतं. चहावाल्याने कानांनी ऐकलं.

परवानगी त्याच महिन्यात आली.

पण मोरिवाकीसानचा अहवालही त्याच महिन्यात गेला. चादर घालेपर्यंत, चुन्याने पाणी निवळेपर्यंत, गाळाला हौद बांधेपर्यंत यांच्याकडून चमचाभर धातूही घेऊ नये. गावाच्या तक्रारीने, खात्याच्या नियमाने, द्वारकाबाईच्या तळहातांनी जे झालं नव्हतं, ते गिऱ्हाईक जाईल म्हटल्यावर झालं. पाऊस पडायच्या आत चादरीचे गुंडाळे ट्रकांमधून आले. तळं उपसलं, बांध नव्याने घातला, हौद बांधला. भट्टीच्या वायूवर पाण्याचे फवारे बसले. कारखानीस साहेब स्वतः उन्हात उभे राहून चादरीचे सांधे तपासत होते म्हणे. पुढच्या वर्षी त्यांना पर्यावरणरक्षणाचा पुरस्कार मिळाला. स्वीकारताना त्यांनी ‘आमचे जपानी मित्र’ असा गहिवरून उल्लेख केला. वर्तमानपत्रात फोटो होता. मी कापून ठेवला नाही.

एजन्सीच्या बाईंचा मला फोन आला. “पार्टी म्हणते, मुलगी फार बोलते.”

“दुभाषी आहे मी. न बोलून काय करू?”

“अगं पण दोन्हीकडून?” त्या म्हणाल्या. नंतर त्यांच्याकडून कामं येणं बंद झालं. पुढे मी शिकवायला लागले.

मोरिवाकीसान निवृत्त झाले. त्यांच्या कंपनीने स्वस्तात धातू देणारा दुसरा कुणीतरी गाठला. करवड्याला नवं गिऱ्हाईक मिळालं. ते चादरीबद्दल काही विचारणारं नव्हतं. हे मला काही वर्षांनी एका संध्याकाळी अचानक कळलं, फोनवरून. माझा नंबर तिने कुठून मिळवला, देव जाणे.

“बाय, मी द्वारका. करवड्याची. त्यो तुमचा म्हातारा हाय काय अजून?”

“नाहीत. गेल्या वर्षी वारले.”

“चांगला व्हता,” ती म्हणाली. “चादर फाटलीय ओ. आणि परत सुनावणी लावलीय, सोमवारी. तुमी याल?”

“मी येऊन काय करू द्वारकाताई? आता जपानी कुणी नाही तिथे.”

“जपानी कशाला? तुमी नुसत्या आमच्या शेजारी बसा. आणि त्ये काय बोलतात त्ये सांगा.”

“ते मराठीतच बोलतात.”

“तीच तर समजत नाय ना,” ती म्हणाली.

मी गेले. मांडव तसाच, साहेब नवे. बायकांच्या रांगेत, सतरंजीवर, द्वारकाताईच्या उजव्या कानाशी झुकून बसले. नव्या साहेबांनी घसा खाकरून वाचायला सुरुवात केली: “सदर प्रकल्पातून निर्माण होणाऱ्या प्रक्रियोत्तर द्रवाचे, हंगामी परिस्थिती विचारात घेऊन, नैसर्गिक जलप्रवाहामध्ये नियंत्रित समायोजन करण्याचे प्रस्तावित आहे.”

“पावसाळ्यात तळ्यातलं पाणी खाडीत सोडणार म्हणतायत,” मी कानात सांगितलं.

“असं काय?” द्वारकाताई म्हणाली, आणि साहेबांनी पुढचं पान उलटायच्या आत उभी राहिली.